हद्द आणि वाढ : ठाणे व कल्याण-डोंबिवली या शेजारी शहरांच्या लोकसंख्यावाढीचा तौलनिक विचार

सारांश

१९९१ च्या जनगणनेत कल्याण महानगरपालिकेची लोकसंख्या ठाण्यापेक्षा अधिक होती. २०११ मध्ये ठाण्याची लोकसंख्या कल्याण-डोंबिवलीच्या जवळपास दीडपट झाली. या बदलाचे स्पष्टीकरण सामान्यतः ‘ठाणे वाढले, कल्याण थांबले’ असे दिले जाते. प्रस्तुत लेखात या स्पष्टीकरणाची तपासणी केली आहे. ठाण्याची वाढ वास्तव आहे. मात्र कल्याण-डोंबिवलीची मंद दिसणारी वाढ बऱ्याच अंशी प्रशासकीय हद्दीतील बदलांचा परिणाम आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : दशवार्षिक वाढ, प्रशासकीय हद्द, जनगणना नगर, २७ गावे, उल्हास खोरे.

प्रस्तावना

मुंबई महानगर प्रदेशाच्या नागरीकरणाचा अभ्यास करताना मुंबईकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे तिच्या शेजारील मध्यम व मोठ्या शहरांकडे दिले जात नाही. वस्तुतः गेल्या काही दशकांत या प्रदेशाच्या लोकसंख्येचा भार मुंबई बेटावरून उत्तरेकडे व पूर्वेकडे सरकला आहे. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली. याच काळात तत्कालीन ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१.३२ लाखांवरून १ कोटी १०.६० लाखांवर गेली आणि तो देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा करण्यात आला.

या स्थित्यंतरात ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन शेजारी शहरे विशेष महत्त्वाची आहेत. दोन्ही शहरे मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर आहेत आणि दोन्ही महानगरपालिका एका वर्षाच्या अंतराने स्थापन झाल्या. तरीही जनगणनेच्या आकड्यांत त्यांच्या वाटा वेगळ्या झालेल्या दिसतात. महाविद्यालयीन प्रकल्प-अहवालांत हे आकडे वारंवार उद्धृत होतात आणि त्यांवरून पुढील अंदाजही बांधले जातात. म्हणून हे आकडे नेमके काय मोजतात, हे समजून घेणे अध्यापकांच्या दृष्टीने आवश्यक आहे.

माहितीचा आधार व मर्यादा

प्रस्तुत विवेचन प्रामुख्याने भारतीय जनगणनेच्या १९८१ ते २०११ या काळातील आकडेवारीवर आधारलेले आहे. २०२१ ची नियोजित जनगणना पुढे ढकलण्यात आल्यामुळे २०११ नंतरची शहरनिहाय प्रत्यक्ष गणना उपलब्ध नाही. त्यानंतरच्या काळासाठी येथे लोकसंख्येचे अंदाज दिलेले नाहीत. हद्दीतील बदल, वाहतूक आणि नागरी सेवा यांविषयीच्या सार्वजनिक घटनांचा आधार तेवढा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ठाणे आणि कल्याण ही दोन्ही प्राचीन बंदरे होत. कल्याणचा उल्लेख ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आढळतो. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर खाडीकाठच्या या नगराला आरमारी महत्त्वही प्राप्त झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातील पहिली प्रवासी रेल्वे धावली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, ती कल्याणपर्यंत पोहोचली. नाशिककडे आणि पुण्याकडे जाणारे मार्ग कल्याणला विभागले जात असल्याने ते मोठे जंक्शन बनले. ठाणे मात्र जिल्ह्याचे मुख्यालय म्हणून वाढत गेले.

स्वातंत्र्योत्तर काळात तीन घटकांनी या पट्ट्याचा चेहरा बदलला. पहिला घटक फाळणीचा. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आश्रय देण्यात आला आणि तेथे १९४९ मध्ये उल्हासनगर वसले. दुसरा घटक उद्योगांचा. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली व ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. त्यानंतर डोंबिवली व अंबरनाथ येथेही औद्योगिक क्षेत्रे उभी राहिली. तिसरा घटक मुंबईतील घरांच्या टंचाईचा. गिरगाव, दादर, परळ येथील चाळींत वाढलेल्या नोकरदार कुटुंबांच्या पुढच्या पिढीला परवडणारे घर डोंबिवलीत मिळाले. घर डोंबिवलीत आणि कचेरी मुंबईत, हा जीवनक्रम तेव्हापासून रूढ झाला.

जनगणनेचे चित्र

१ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका अस्तित्वात आली. जुन्या नगरपालिकेच्या क्षेत्राला कळवा, मुंब्रा, माजिवडे व घोडबंदर मार्गावरील गावे जोडण्यात आली. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महानगरपालिका स्थापन झाली. तिच्यात कल्याण व डोंबिवलीबरोबरच अंबरनाथ, बदलापूर आणि परिसरातील अनेक गावे समाविष्ट होती. पुढे या महानगरपालिकेचे नाव ‘कल्याण-डोंबिवली’ असे झाले.

तक्ता क्र. १ : लोकसंख्या (लाखांत) व दशवार्षिक वाढ (टक्के)

| शहर | १९९१ | २००१ | २०११ | वाढ १९९१-२००१ | वाढ २००१-२०११ |
|---|---|---|---|---|---|
| ठाणे | ८.०३ | १२.६३ | १८.४१ | ५७.२ | ४५.९ |
| कल्याण-डोंबिवली | १०.१५ | ११.९४ | १२.४७ | १७.६ | ४.५ |
| उल्हासनगर | – | ४.७४ | ५.०६ | – | ६.८ |
| अंबरनाथ | – | २.०४ | २.५३ | – | २४.४ |
| कुळगाव-बदलापूर | – | ०.९८ | १.७४ | – | ७७.९ |

तक्त्यावरून प्रथमदर्शनी तीन निष्कर्ष निघतात. ठाणे वेगाने वाढले, कल्याण-डोंबिवली जवळजवळ स्थिर झाली आणि बदलापूरने सर्वांत मोठी झेप घेतली. यांपैकी पहिला व तिसरा निष्कर्ष सर्वसाधारणपणे योग्य आहे. दुसऱ्या निष्कर्षाची तपासणी आवश्यक आहे.

हद्दीचा परिणाम

१९९१ च्या जनगणनेच्या वेळी अंबरनाथ व बदलापूर कल्याण महानगरपालिकेतच होती. १९९२ मध्ये ती वेगळी करण्यात आली. त्यामुळे १९९१ चा १०.१५ लाख हा आकडा आणि २००१ चा ११.९४ लाख हा आकडा एकाच क्षेत्राचे नाहीत. तुलना सारख्या क्षेत्राची करावयाची झाल्यास २००१ च्या आकड्यात अंबरनाथ व बदलापूरची लोकसंख्या मिळवावी लागेल. ही बेरीज सुमारे १४.९५ लाख होते. म्हणजे १९९१ ते २००१ या दशकातील वाढ १७.६ टक्के नसून ढोबळमानाने ४७ टक्के ठरते. ठाण्याच्या ५७ टक्क्यांपेक्षा ती कमी असली, तरी तिला मंद म्हणता येणार नाही.

पुढील दशकात हाच प्रकार वेगळ्या रीतीने घडला. २००१ ची जनगणना झाली तेव्हा डोंबिवलीच्या पूर्वेकडील व कल्याण-शीळ मार्गालगतची २७ गावे महानगरपालिकेत होती. जुलै २००२ मध्ये ती वगळण्यात आली. आजदे, सागाव, नांदिवली, पिसवली, दावडी, सोनारपाडा, निळजे, काटई, भोपर ही त्यांपैकी काही गावे. म्हणून २००१ च्या आकड्यात ही गावे आहेत आणि २०११ च्या आकड्यात नाहीत. त्यांपैकी काही गावे २०११ मध्ये ‘जनगणना नगर’ म्हणून नोंदली गेली. किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोकसंख्येची घनता आणि किमान ७५ टक्के मुख्य पुरुष कामकरी बिगरशेती व्यवसायांत, या तीन कसोट्या पूर्ण करणाऱ्या वस्तीस जनगणनेत नगराचा दर्जा मिळतो. अशा वस्तीचा कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहू शकतो. २७ गावांत नेमके हेच झाले. इमारती शहराच्या, रहिवासी शहरातील नोकरदार आणि व्यवस्था ग्रामपंचायतीची, अशी स्थिती तेथे तेरा वर्षे होती.

१ जून २०१५ रोजी ही गावे पुन्हा महानगरपालिकेत आली. २०२० मध्ये त्यांतील १८ गावे वगळण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. स्थानिक भूमिपुत्रांची स्वतंत्र नगरपालिकेची मागणी, मालमत्ता कराविषयीची नाराजी आणि वाढत्या जमीनमूल्याचे राजकारण अशी या हद्दवादाची अनेक अंगे आहेत. त्यांची सविस्तर चर्चा हा या लेखाचा विषय नाही. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, २००१ ते २०११ या दशकातील ४.५ टक्के वाढ ही आधी मोठे व नंतर लहान अशा दोन भिन्न क्षेत्रांची वजाबाकी आहे.

ठाण्याच्या बाबतीतही ही दक्षता घ्यावी लागते. १९८१ मध्ये सुमारे ३.१० लाख असलेली ठाण्याची लोकसंख्या १९९१ मध्ये ८.०३ लाख झाली. ही १५९ टक्के वाढ १९८२ मधील गावांच्या समावेशाशिवाय समजू शकत नाही. १९९१ नंतर मात्र ठाण्याची हद्द तुलनेने स्थिर राहिली. त्यामुळे त्यानंतरची तेथील वाढ अधिक विश्वासार्हपणे मोजता येते.

असा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ह्यूस्टन व शार्लट या शहरांनी सभोवतालचा प्रदेश हद्दीत घेत लोकसंख्या वाढवली. त्याच भागातील अटलांटाची लोकसंख्या १९७० मध्ये सुमारे ५ लाख होती, ती १९९० मध्ये ४ लाखांच्या आत आली. अटलांटाचा महानगर प्रदेश त्या काळात सातत्याने विस्तारतच होता. हद्दीचा इतिहास बाजूला ठेवून शहरांचा क्रम लावणे किती दिशाभूल करणारे असते, हे यावरून स्पष्ट होते.

विकासाच्या दिशेतील फरक

हद्दीचा परिणाम वजा केल्यानंतरही ठाणे पुढे गेले, हे मान्य करावे लागते. त्याची कारणे प्रामुख्याने जमीन व वाहतूक यांत आहेत.

ठाणे मुलुंडला लागून आहे. पूर्व द्रुतगती महामार्ग, नाशिक महामार्ग आणि घोडबंदर मार्ग येथे एकत्र येतात. २००४ मध्ये ठाणे-वाशी रेल्वेमार्ग सुरू झाल्यावर नवी मुंबईशीही थेट उपनगरी जोडणी झाली. याउलट डोंबिवली दीर्घकाळ रेल्वेवरच अवलंबून राहिली. पश्चिमेस व उत्तरेस उल्हास नदीची खाडी आणि पलीकडे नाशिक महामार्ग अशी तिची रचना आहे. महामार्गावर जाण्यासाठी कल्याणच्या दुर्गाडी पुलाकडे किंवा शीळफाट्याकडे वळसा घालणे भाग पडे. त्यामुळे डोंबिवलीची वस्ती स्थानकाभोवती दाटत गेली. जेथे रेल्वेशिवाय पर्याय नसतो, तेथे स्थानकापासून चालत जाण्याचे अंतर हेच शहराच्या विस्ताराचे माप ठरते.

दुसरे कारण कारखान्यांच्या जमिनींचे. वागळे इस्टेट, पोखरण मार्ग, कोलशेत व माजिवडे या भागांत कारखान्यांकडे मोठे भूखंड होते. १९८० नंतर उद्योग हळूहळू बंद पडू लागले अथवा स्थलांतरित झाले आणि त्या जमिनी निवासी व व्यापारी वापरासाठी खुल्या होऊ लागल्या. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केल्यावर या प्रक्रियेस वेग आला. १९२५ पासून ठाण्यात असलेल्या रेमंडच्या गिरणीच्या जागेवर आज उंच निवासी इमारती उभ्या आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आयुक्त टी. चंद्रशेखर यांच्या कारकिर्दीत झालेल्या रस्तारुंदीकरणाने ठाण्याची अंतर्गत वाहतूक सुधारली. घोडबंदर मार्गालगतच्या नियोजित संकुलांना मध्यम व उच्च मध्यम वर्गाची पसंती मिळाली.

कल्याण-डोंबिवलीतही उद्योग ओसरले. मोहने येथील रेयॉनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. मात्र तेथे कारखान्याच्या जागी नवी रोजगारकेंद्रे त्या प्रमाणात उभी राहिली नाहीत. येथील वाढ प्रामुख्याने परवडणाऱ्या घरांची होती. शहराच्या गाभ्यात जमिनीचे भाव चढले, तशी ती पुढे अंबरनाथ व बदलापूरकडे आणि आग्नेयेस कल्याण-शीळ मार्गाकडे सरकली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटरवर, तर बदलापूर सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. घराच्या किमतीत वाचलेला पैसा प्रवासाच्या वेळेत भरावा लागतो, हे या वीस किलोमीटरचे अर्थशास्त्र होय.

ठाण्याची वाढ एकजिनसी आहे, असेही समजू नये. नौपाड्यातील जुन्या इमारती, घोडबंदर मार्गावरील मनोरे, १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून आलेल्या मुस्लिम कुटुंबांमुळे विस्तारलेले मुंब्रा आणि अल्प उत्पन्न गटाला सामावून घेणारे दिवा हे सर्व एकाच महानगरपालिकेत आहे. दिव्यातील अनेक प्रश्न घोडबंदरपेक्षा डोंबिवलीच्या पूर्व भागाशी अधिक जुळतात. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळील अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. ती इमारत ठाण्याच्या हद्दीत होती. ‘पुढे गेलेले ठाणे’ या सरासरीत ही वस्ती दिसत नाही.

मोजणीचा नागरी सेवांवरील परिणाम

हद्दीचा व मोजणीचा प्रश्न केवळ संख्याशास्त्रीय नाही. पाणीपुरवठा योजनांत दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण शहरांसाठी धरले जाते. त्यानुसार नियोजनातून १ लाख लोक सुटले, तर दररोज १ कोटी ३५ लाख लिटर पाण्याची तूट निर्माण होते. ती तूट कोणत्याही अहवालात दिसत नाही. ती टँकरच्या रांगेत आणि गृहसंकुलांच्या मासिक खर्चात दिसते. महानगरपालिकेची मुख्य योजना उल्हास नदीवर, तर २७ गावांचा पुरवठा बारवी धरणाच्या औद्योगिक महामंडळाच्या वाहिनीवर अवलंबून राहिला आहे. ठाण्याला भातसा व अन्य स्रोतांतून पाणी मिळते. ज्या शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे, तेथील कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शहरांची वाढ मोजताना तिचा भार कोणावर पडतो, हेही मोजले गेले पाहिजे.

घनकचऱ्याच्या बाबतीत २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकाम परवानग्यांना मनाई केली होती. वाढ आणि वहनक्षमता यांतील अंतर न्यायालयाला दाखवावे लागले, ही बाब बोलकी आहे. बांधकामांच्या बाबतीत बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेल्या डोंबिवली परिसरातील ६५ इमारती पाडण्याचे आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिले. या इमारतींत घर घेणाऱ्या कुटुंबांनी आयुष्यभराची बचत व गृहकर्ज गुंतवले होते. नियोजन प्राधिकरण वारंवार बदलत राहिले, की परवानगी कोणाची आणि जबाबदारी कोणाची हे सामान्य खरेदीदारास कळेनासे होते.

प्रवासाचा प्रश्नही याच मुळाशी जातो. ठाणे-दिवा दरम्यान पाचवी व सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली. त्यानंतरही ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीने भरलेल्या लोकलच्या दारातून पडून प्रवाशांचे मृत्यू झाले. कसारा, कर्जत, बदलापूर, कल्याण, डोंबिवली आणि दिवा येथील वाढीचा एकत्रित भार त्या एकाच वळणावरून जातो. महानगरपालिकांच्या स्वतंत्र आकड्यांत हा एकत्रित भार कोठेच नोंदला जात नाही.

आगामी जनगणना व अभ्यासकांची जबाबदारी

पुढील लोकसंख्या गणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ निश्चित करण्यात आला आहे. तिच्या निष्कर्षांचा वापर करताना दोन दक्षता घ्याव्या लागतील.

पहिली दक्षता हद्दीची. २०११ मध्ये बाहेर असलेली २७ गावे आता महानगरपालिकेत आहेत. त्यामुळे कल्याण-डोंबिवलीच्या लोकसंख्येत एकदम मोठी वाढ दिसेल. २०११ च्या आकड्यावरून शहर थांबल्याचा निष्कर्ष जसा चुकीचा होता, तसाच त्या वाढीवरून शहराने अकस्मात झेप घेतल्याचा निष्कर्षही चुकीचा ठरेल. २०११ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेतील गावनिहाय आकडे मिळवून आधी समान क्षेत्र तयार करावे आणि मगच तुलना करावी.

दुसरी दक्षता कालावधीची. दोन गणनांतील अंतर या वेळी दहा वर्षांचे नसून सोळा वर्षांचे असेल. ठाण्याचा २००१-२०११ मधील ४६ टक्क्यांचा दशवार्षिक वेग जसाच्या तसा राहिला असे क्षणभर मानले, तरी सोळा वर्षांची वाढ सुमारे ८३ टक्के दिसेल. वार्षिक चक्रवाढ दर मात्र दोन्ही वेळा ३.८ टक्के एवढाच असेल. म्हणून यापुढे दशवार्षिक टक्केवारीऐवजी वार्षिक दर वापरणे इष्ट होय.

वाहतुकीची नवी साधनेही विकासाची दिशा बदलू शकतात. मोठागाव-माणकोली पुलामुळे २०२४ पासून डोंबिवलीचा नाशिक महामार्गाशी थेट संबंध आला आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण आणि कल्याण-तळोजा या मेट्रो मार्गिका हाती घेण्यात आल्या आहेत. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाल्याने कल्याण-शीळ-तळोजा पट्ट्याचे महत्त्व वाढले आहे. मात्र नव्या मार्गांबरोबर रोजगार आला नाही, तर ते केवळ अधिक दूरच्या घरांकडे नेणारे रस्ते ठरतील.

समारोप

ठाण्याला महामार्गांचा संगम आणि कारखान्यांच्या जमिनी यांचा लाभ झाला. कल्याण-डोंबिवलीची वाढ थांबली नाही, ती मोजणीच्या रेषेबाहेर गेली. अंबरनाथ, बदलापूर आणि २७ गावे या बाहेर गेलेल्या वाढीची उदाहरणे होत. ठाणे खाडीपासून बदलापूरपर्यंतचा पट्टा पाणी, रेल्वे व रोजगार यांच्या दृष्टीने एकच आहे. त्याचे नियोजन व अध्ययनही एकत्रितपणे होणे अगत्याचे आहे.

या पट्ट्यातील महाविद्यालयांना येथे मोठी संधी आहे. भूगोल, अर्थशास्त्र, वाणिज्य व समाजशास्त्र या विभागांनी मिळून प्रभागनिहाय व गावनिहाय समान क्षेत्राची आकडेवारी सिद्ध केली, तर २०२७ चे निष्कर्ष हाती येतील तेव्हा तुलनेचा भक्कम पाया तयार असेल. आपल्या वर्गांतील अनेक विद्यार्थी याच गावांतून आणि याच लोकलमधून येतात. त्यांनी ज्या शहराविषयी प्रकल्प लिहावयाचा, त्याची हद्द कोणत्या वर्षी कोठे होती, हा प्रश्न त्यांना पहिल्याच पानावर विचारावयास शिकवले पाहिजे.